हिरवं इंजिन

"आज हिरवं इंजिन तुझं," म्हणत मास्तरांनी छोटा कंट्रोलर बायकोच्या हातात ठेवला आणि या वयात ती चक्क लाजली.

मास्तर शाळेतले नव्हेत. मधली खोली अडवून त्यांनी टेबलभर छोटी रेल्वे उभारली होती, म्हणून मित्र त्यांना स्टेशनमास्तर म्हणत. तिला खेळणं म्हणायची मात्र सोय नव्हती. आजवर रुळांत वीज सोडली की वरची सगळी इंजिनं एकदम धावायची. एखादं थांबवायचं तर तेवढ्या रुळाची वीज तोडावी लागे, आणि त्यासाठी कोपऱ्यात स्विचांपाशी बायको बसलेली. 'तोड' म्हटलं की तोडायची, 'जोड' म्हटलं की जोडायची. निम्मा संसार त्या स्टुलावर झाला. एकदा तरी गाडी आपण चालवावी, एवढीच तिची हौस. पण विषय काढला की मास्तर म्हणत, "ते तुझं काम नव्हे."

आता त्यांनी इंजिनांत चिप बसवल्या होत्या. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर. कंट्रोलरवर तो लावला की तेवढंच इंजिन ऐकणार, बाकीची ढिम्म. गेला आठवडाभर मास्तर एकेका इंजिनाला बाजूच्या रुळावर घेऊन पोपटासारखा नंबर पढवत होते. स्विच भंगारात गेले.

संध्याकाळी क्लबातले तिघे मित्र आले. "वहिनी, बढती मिळाली म्हणायची!" एक जण म्हणाला. तिने नॉब फिरवला. हिरवं इंजिन तीन डबे घेऊन निघालं, वळण घेऊन बोगद्यात शिरलं आणि बाहेर पडताना शिट्टी वाजवली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

स्टेशन जवळ येताच ती घाबरली. तिने नॉब फार आधीच शून्यावर आणला. गाडी थांबली नाही. ऐटीत पुढे गेली आणि बरोब्बर फलाटाला लागली. "वा, वहिनी!" मित्रांनी टाळ्या वाजवल्या. तिने मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा त्यांच्या कंट्रोलरवर होता आणि नजर हिरव्या इंजिनावर.

ती जवळ सरकली. मास्तर हसऱ्या तोंडानेच पुटपुटले, "तुझ्या कंट्रोलरला नऊ नंबर लावलाय. नऊ नंबरचं इंजिनच नाही आपल्याकडे. चारचौघांत गाडी पाडलीस तर माझी शोभा. तू नुसतं फिरवत राहा."

तिला रडू आलं. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून ते गिळलं आणि ती फिरवत राहिली.

टाळ्यांनी मास्तरांना चेव चढला. हिरव्याला फलाटावरून पुन्हा पळवलं आणि ते धावत असतानाच त्याचा नंबर सोडून त्यांनी निळ्या एक्सप्रेसचा लावला, तिला भरधाव बाहेर काढलं, तिचे दिवे दाखवले, हॉर्न ऐकवला. नंबर बदलला तरी आधीचं इंजिन आहे त्या वेगाने चालतच राहतं, हे आठवडाभर तेच बजावत होते. बोलण्याच्या भरात स्वतःच विसरले. पुलावर दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. एक्सप्रेस कठड्याला अडकली, हिरवं इंजिन थेट फरशीवर आदळलं.



"तरी म्हणत होतो," मास्तर मित्रांकडे वळून म्हणाले, "हिला जमायचं नाही."

मित्र बिचारे भले होते. एकाने वाकून हिरवं इंजिन उचललं, त्याचं मोडकं धुराडं शोधलं आणि दोन्ही तिच्या ओंजळीत ठेवली. "असू द्या, वहिनी. सवय होईल हळूहळू."

"झालीय," ती म्हणाली.