कोरा लॅपटॉप

"ड्रायव्हर लागणार नाही म्हणजे नाही," एकटाकी म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उठलासुद्धा.

ऑफिसात त्याला सगळे एकटाकीच म्हणत. त्याने लिहिलेला इन्स्टॉलर, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बसवून देणारी फाइल, गिऱ्हाइकाकडे पहिल्या झटक्यात चाले. तक्रारीचा फोन म्हणून येत नसे. या लौकिकावर तो ताठ मानेने वावरे.

या वेळचं काम रक्तपेढ्यांचं होतं. उद्या सकाळी प्रत्येक रक्तपेढीत इन्स्टॉलर चालणार, तो दूरच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसशी जोडला जाणार, आणि कुठल्या गटाचं रक्त कुठे आहे ते सगळ्यांना एका जागी दिसणार. आजवर ही चौकशी फोनवर चाले आणि तोवर पेशंट खाटेवर ताटकळत राही. अडचण एकच होती. डेटाबेसशी बोलायला कॉम्प्युटरला ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. एकटाकीचे आधीचे इन्स्टॉलर हा दुभाष्या सोबत घेऊन जात. रक्तपेढ्यांनी मात्र बजावलं होतं, आमच्या कॉम्प्युटरवर त्याखेरीज वरचं काही टाकायचं नाही. तेव्हा एकटाकीने दुभाष्याला फाटा दिला. इंटरनेटची साधी वाट कुठल्याही कॉम्प्युटरला मुळातच ठाऊक असते. त्याच वाटेने इन्स्टॉलर सर्व्हरशी थेट बोलणार होता.

"तपासलंत कुठे?" मॅनेजर बाईंनी विचारलं.

"इथेच. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर."

"अहो, इथल्या सगळ्यांवर ड्रायव्हर आधीपासून बसलाय. काखेत कुबडी धरून चालून दाखवताय तुम्ही!"

एकटाकी हसला, पण मुद्दा खरा होता. "कोरा हवाय ना? घरी आहे. हिचा लॅपटॉप."

त्याची बायको जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. "बघा, जमत असेल तर," बाई हळूच म्हणाल्या.

"न जमायला काय झालं? ती त्यावर फोटो बघायची, बहिणीशी गप्पा मारायची. त्यावर ड्रायव्हर कुठून येणार?"

घरी लेकीने कपाटातून लॅपटॉप काढला, ओढणीने पुसला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायको गेल्यापासून एकटाकीने त्याला हात लावला नव्हता. पासवर्ड लेकीला माहीत होता. त्याने पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू केला आणि हाताची घडी घालून बसला.

पडद्यावर चौकट आली. 'या कॉम्प्युटरवर आधीच्या इन्स्टॉलरची प्रत सापडली. ती काढून टाकायची का?'

"हे काय भलतंच?" तो पुढे वाकला. "असं होणारच नाही. इथे माझं काही कधी बसवलेलंच नाही."

"तुम्ही नाही बसवलंत," लेक म्हणाली.

"मग?"

"आईने. तुम्ही आंघोळीला गेलात की तुमच्या बॅगेतून पेन ड्राइव्ह काढायची आणि इथे बसायची. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याच्याकडे चालतं का ते बघते म्हणायची."

"आणि नाही चाललं तर?"

"बरेचदा नाही चालायचं, बाबा. मग चहा देताना तुम्हाला काहीतरी वेड्यासारखं विचारायची. इंटरनेट मधेच गेलं तर काय होतं हो? तुम्ही म्हणायचात, तुला काय कळतंय त्यातलं. आणि ऑफिसात जाऊन गुपचूप दुरुस्त करायचात."

"मला सरळ सांगायचं ना मग."

"ऐकलं असतंत?"

शेजारच्या घरात कोणीतरी पंप चालू केला. लेकीने खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसली. "हा पहिलाच आहे, तिने न बघितलेला."

पडद्यावर प्रश्न तसाच होता. खाली 'हो' आणि 'नाही'. ती प्रत आणि तिच्यासोबत आलेला ड्रायव्हर तसाच ठेवला, तर या चाचणीला काही अर्थ नव्हता. काढला, तर बायकोच्या हातचं ते शेवटचं काम पुसलं जाणार होतं. त्याचं बोट बटणावर थांबलं. मग रक्तपेढीच्या दारात फोनवर फोन लावणारी माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली. तिने अशा वेळी काय केलं असतं हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याने 'हो' दाबलं.

लॅपटॉप आता खरोखर कोरा झाला. इन्स्टॉलर धावला, बराच पुढे गेला आणि अगदी शेवटी अडकला. डेटाबेस सापडत नाही.

एकटाकी ओरडला नाही, टेबलावर मूठही आपटली नाही. त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि ओळ न् ओळ वाचत खाली उतरला. सगळ्या पायऱ्या नव्या वाटेने जात होत्या. फक्त शेवटची, रक्तपेढीचं नाव सर्व्हरवर नोंदवणारी, अजून त्या जुन्या दुभाष्यालाच हाका मारत होती. ऑफिसात तो हाकेला ओ देत असे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकटाकीने ती पायरी नव्याने लिहिली, पेन ड्राइव्ह पुन्हा लावला आणि कोरा लॅपटॉप लेकीकडे सरकवला.

"तू चालव. मी हात लावत नाही."

लेकीने चालवला. चौकट हिरवी झाली. जोडणी झाली.

त्याने बाईंना फोन लावला. "झालं. उद्या खुशाल बसवा. कुठेही बसवा, माझा शब्द."

"बघा, उगाच शंका काढली मी! पहिल्या झटक्यात ना?"

"छे. पहिल्यांदा आपटलाच."

"काय सांगता! तुमचा? हे कधीपासून?"

"पहिल्यापासून, बाई," एकटाकी म्हणाला. "आज फक्त माझ्यासमोर आपटला."