जास्तीचा उजेड

भुयारी वस्तीत ज्याच्या त्याच्या घरापुरती हवा त्याच्याच टाकीतल्या पाणवनस्पती द्यायच्या. नवशिक्या विश्रामच्या टाकीतली रोपं शेवाळाखाली कुजली होती आणि त्याची मुलगी धापा टाकत होती. त्याने पहारीने शेजारच्या केशरकाकूंचं दार फोडलं.

"अरे, तुझा दिवा फार प्रखर आहे! त्यानेच शेवाळ माजतं. माझ्यासारखा मंद लाव," काकू ओरडल्या.

"अक्कल पाजळू नका!" म्हणत त्याने पहार त्यांच्या डोक्यात घातली. त्यांचा मिणमिणता दिवा लाथेने फोडला आणि रक्तावरून टाकी घरी ओढत आणली.

मुलीने खोल श्वास घेतला.

"आता पोटभर घे, पोरी," असं म्हणून त्याने हिरव्यागार रोपांवर आपला दिवा टांगला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.