एक माणूस कमी

डेटाबेसच्या गाभ्यातला जुना कोड नानांनी मुळापासून उपसून नव्याने रचला. या डेटाबेसात नावं एका रकान्यात, पगार दुसऱ्या रकान्यात. नोंद खोडली तरी ती लगेच पुसली जात नाही. तिसऱ्या रकान्यात नुसती खूण होते, झाडलोट मागाहून सवडीने. जुना कोड त्या खुणेकडे बघायचाच नाही, खोडलेल्यांनाही बिनदिक्कत मोजायचा. नानांनी नव्या कोडला ती शिस्त लावली.

तपासायला हाताशी होता म्हणून ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांचाच तक्ता घेतला. जुन्या कोडपेक्षा नव्यात एक माणूस कमी भरला. चूक शोधता शोधता नानांचे डोळे चुरचुरायला लागले. शेवटी ते मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, माझ्याकडून कुठेतरी घोळ झालाय. एक माणूस गळतोय.”

“कोण?”

“मीच. आता काय म्हणावं याला.”

मॅडमनी उठून दार लोटलं.

“घोळ नाही, नाना. खूण मीच केलीय, गेल्या आठवड्यात. तुमचं हे काम तेवढं संपू दे, मग सांगू म्हणून थांबले होते.”

नाना खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

“म्हणजे कोड बरोबर आहे तर.”