बाप जिवंत असताना

२०१४ साली चंदर गेला, ते गणूला तिसऱ्या दिवशी कळलं. वाशिंदला कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "तापानं गेला तो. तुला कोणी सांगितलं नाय?"

दहाव्याला गणू भातसा नदीच्या काठी गेला. चंदरचे भाऊ-पुतणे केस काढायला रांगेत बसले होते. गणू शेवटी जाऊन बसला. न्हाव्याला वाटलं, चुलतभाऊ असेल. त्यानं डोकं भादरलं आणि मिशीही उतरवली.

गणू मुरबाडकडे आपल्या गावी परतला, तेव्हा त्याचे बाबा ओटीवर चहा पीत होते. त्यांनी गणूचं तोंड पाहिलं. कप खाली ठेवला.

"मी अजून जित्ता हाय ना रे?" म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चार दिवसांनी मोठा भाऊ साईनाथ त्याला शहापूरला घेऊन आला. तिथे दर गुरुवारी ठाण्याहून डोक्याचे डॉक्टर येत.

"बाप जित्ता हाय आणि यानं मिशी काढलीन," साईनाथ म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय. कायतरी गोळी द्या."

"कोण वारलं होतं?"

"कोण नाय. कंपनीतला माणूस."

"दादा, तू जरा भायेर बस," गणू म्हणाला.

"का? मी काय परका हाय?"

"बस ना."

साईनाथ बाहेर गेला. दार त्यानं उघडंच ठेवलं. गणूनं उठून लावलं.

झोप येत नाही, घास उतरत नाही, हे डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग गणू म्हणाला, "डॉक्टर, चंदर नुसता कंपनीतला माणूस नव्हता. आठ वर्षं आमी दोघं..."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "पुरे. हे इथे नको. गुन्हा आहे हा, माहीत आहे ना? लग्न झालंय?"

"नाय."

"मग तेच दुखणं आहे."

"मला रडायचंय, डॉक्टर. घरात रडता येत नाय. असं कोणी ऐकून घेणारं असलं तर पत्ता द्या."

"तुमच्यासारख्यांचं ऐकत कोण बसणार?" डॉक्टरांनी घंटी वाजवली. साईनाथ आत आला. "गोळ्यांनी झोप लागेल. यंदा लग्न उरकून टाका."

साईनाथचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "मुलगी हाय बघून. टोकावड्याची. एवढी मिशी येऊंदे फक्त, मंग दाखवतो."

डॉक्टरही हसले.

एसटी स्टँडवर साईनाथनं दोन वडापाव घेतले. एक गणूच्या हातात दिला.

"दादा, मला दुसरा डॉक्टर बघायचाय."

"का? यानं काय वाईट सांगितलं?"

"यानं ऐकलं नाय."

"ऐकायला तू काय भजन म्हणणार व्हतास? खा गुपचूप."

मुरबाडची गाडी लागली. साईनाथनं बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि आत चढून हाक मारली. गणू चढला.

दुसरा डॉक्टर अजून शोधायचा होता. कोणाला विचारायचं, तेही ठरलं नव्हतं.