अक्षर न् अक्षर

ग्लासगोच्या भरगच्च सभागृहात गायकवृंदाच्या बाईंनी आधी इंग्रजीत प्रस्तावना केली. "हे गेलिक गाणं आम्ही साठ वर्षांपूर्वीच्या टेपवरून अक्षर न् अक्षर घोकलंय. गेलिक आमच्यात कुणालाच येत नाही. पण भाषा जगवायची म्हणजे एवढे कष्ट आलेच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. स्कॉटलंडची ही जुनी भाषा जिथे अजून घरात बोलतात, त्या युइस्ट बेटावरून लेकीकडे राहायला आलेली एफी म्हातारी पदर नसताना उगाच कोट सावरून बसली. टेपवरचा आवाज तिच्या आईचा होता, गोठ्यात धार काढतानाचा.

दोन कडवी झकास झाली. तिसऱ्याला चाळीस जणांनी छातीवर हात ठेवले, डोळे मिटले आणि टेपबरहुकूम, आर्त सुरात आळवलं, "नीट उभी राहा की गं भवाने! आणि एफे, त्या टेपवाल्याला चहा पाजून कटव एकदाचं!"

एफी खो खो हसत सुटली. अख्ख्या सभागृहात एकटीच.

शेजारी बसलेले गेलिक बचाव समितीचे अध्यक्ष रुमालाने डोळे टिपत होते. ते इंग्रजीत खेकसले, "अहो बाई, काही लाज? इथे आपली भाषा मरायला टेकलीय आणि तुम्हाला हसू सुचतंय?"