काही लागलं तरच

श्रीगोंद्याच्या कॉलेजात अंबिकाबाईंनी उभा जन्म तर्कशास्त्र शिकवलं. जर-तरच्या वाक्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दिवाळी करून बंगळूरला परतताना मुलगा गंधार म्हणाला, "आई, मी कामात असतो. काही लागलं तरच फोन कर."

तेव्हापासून घर मुकं झालं. शेवटी शेजारची बानू म्हणाली, "एवढी आठवन येती तर लावा की फोन, बाई!"

"कसा लावू? लागलं तरच, म्हणालाय तो. किराणा आहे, औषधं आहेत. मला काहीच लागत नाही. म्हणजे फोन करता येत नाही."

बानू घरी गेली.

 

अंबिकाबाईंनी डोळ्यांवरचा धडधाकट चष्मा काढून फरशीवर आपटला, आणि चाचपडत गंधारला फोन लावला.