बिनकांद्याची भेळ

“इथे नको. पुढच्या चौकात चांगली मिळते,” घड्याळवाले म्हणाले आणि त्यांनी चालण्याचा वेग वाढवला.

पण ती थबकली होती. पडद्यांच्या कापडासाठी दुपारभर दुकानं पालथी घातली होती, पोटात कावळे ओरडत होते. समोरच्या गाडीवरून चिंचेच्या चटणीचा आणि भाजलेल्या जिऱ्याचा असा काही वास येत होता की पुढचा चौक तिला परदेशाइतका लांब वाटला.

“इथे काय वाईट आहे?”

“वाईट असं काही नाही,” ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

एरवीही ते फारसं बोलत नसत. घड्याळदुरुस्तीच्या दुकानामुळे सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत, मनातल्या मनात तीही. लग्न होऊन अजून महिनाही झाला नव्हता. दोघांचं वय नातवंडं खेळवायचं. तिने जन्मभर शिलाई मशीनवर एकटीने पोट भरलेलं. त्यांची पहिली बायको जाऊन दोन वर्षं झालेली. घरात ते तिला ‘तुम्ही’ म्हणत, चहाचा कप स्वतः विसळून ठेवत. पाहुणीशी वागावं तसं. आजही प्रत्येक कापडाला त्यांचं एकच उत्तर होतं, “तुम्हाला आवडेल ते घ्या.” पहिलीचा विषय त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. निघत नव्हता म्हणूनच ती घरभर होती.

ती सरळ गाडीपाशी जाऊन उभी राहिली. नाइलाजाने तेही आले.

भेळवाला मान खाली घालून कांदा चिरत होता. त्याने ओझरतं पाहिलं. “घड्याळकाका! आहात कुठे इतके दिवस?” म्हणाला, आणि कुणी काही सांगायच्या आत त्याचे हात सुरू झाले. कुरमुरे, फरसाण, बटाटा, कैरीचे तुकडे. एका भेळेत कांदा, हिरवी चटणी, लिंबू. दुसरीत कांद्याचा कणही नाही. तिच्यात चिंच-गुळाच्या चटणीचे दोन डाव, थोडं थांबून आणखी अर्धा, आणि वर शेवेचा डोंगर. दोन्ही द्रोण त्याने पुढे केले.

“घ्या काकू, तुमची बिनकांद्याची. विसरलो नाही बरं का!”

मग त्याने मान वर केली. हात तसाच हवेत राहिला.

मागून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली. घड्याळवाले भेळवाल्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या दुसऱ्या द्रोणावर होती.

“ती गेली रे,” शेवटी ते म्हणाले. “या... माझ्या मिसेस.”

भेळवाल्याचा चेहरा पडला. “काका, मला खरंच काही... माफ करा हं ताई. ही राहू दे, तुम्हाला दुसरी करून देतो.” त्याने घाईघाईने द्रोण गाडीखालच्या डब्याकडे नेला.

“टाकू नका!” आपला आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. “एवढ्या मायेने केलीत ना? आणा इकडे.”

पुरीच्या तुकड्याने तिने पहिला घास घेतला. भेळ कसली, गोडमिट्ट पक्वान्नच होतं ते! मिरची चावल्याशिवाय भेळ खाल्ल्याचं समाधान न होणारी ती बाई. तरी तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. कशी असेल ती पहिली, खाता खाता तिच्या मनात येत होतं. हा जास्तीचा अर्धा डाव भांडून मिळवला असेल, की गोड बोलून?

“चटणी मागून घ्यायच्या का त्या?” तिने विचारलं.

घड्याळवाले दचकले. उत्तर दिलं ते भेळवाल्याने. “मागून? डाव माझ्या हातातून काढून घ्यायच्या!”

आणि घड्याळवाले हसले. आधी नुसतं नाकातल्या नाकात, मग मोकळं.

“कांद्याशी तर उभा दावा,” ते म्हणाले. “मी कांदा खाल्ला की बसमध्ये शेजारी बसायची नाही. चार सीट मागे जाऊन बसायची आणि तिथून ओरडून गप्पा मारायची. आमच्या घरात काय शिजलं, कोण रुसलं, सगळ्या बसला कळायचं. तुला सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला!”

‘तुला’ म्हणाले ते. त्यांच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. तिने हातातला द्रोण त्यांच्यापुढे धरला.

ते क्षणभर घुटमळले. मग बोटांनीच चिमूटभर भेळ उचलून तोंडात घातली आणि कितीतरी वेळ चावत राहिले. ती लिंबांच्या राशीकडे बघत उभी राहिली. तो घास त्यांचा होता, आपण त्यात डोकावू नये असं तिला वाटलं.

“तश्शीच आहे,” ते हळूच म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “आणि तुला? तुला कशी लागते?”

“तिखटजाळ. कांदा ओंजळभर. वरून कच्ची मिरची.”

“बाप रे! मग बसमध्ये आता मीच मागे जातो.”

भेळवाल्याने पातेलं पुसून घेतलं आणि तिची भेळ कालवली. अगदी तिने सांगितली तशीच. तिसऱ्या घासाला तिचे कान गरम झाले. घड्याळवाल्यांनी न सांगता पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

निघताना भेळवाला म्हणाला, “काकू...” शब्द त्याने जरा जपूनच उच्चारला. ती रागावली नाही असं पाहून पुढे बोलला, “पुढच्या वेळी मग काकांची नेहमीची आणि एक तिखट, असंच ना?”

तिने पदराने नाक पुसलं.

“तीन करा,” ती म्हणाली. “गोड आम्ही दोघांच्या मधे ठेवू.”